कोणती मोमो? एकच नाव, अनेक चेहरे आणि परत आलेली एक जुनी अफवा

गेल्या महिन्यात नाशिकहून ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. "तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, मग हे बघ आधी," असं म्हणून तिने दोन स्क्रीनशॉट पाठवले.

पहिला होता आमच्याच फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. बटबटीत डोळे, कानापर्यंत फाटलेलं तोंड, विरळ काळे केस असा एक चेहरा, आणि खाली मजकूर की 'मोमो' परत आली आहे, मुलांच्या मोबाईलमध्ये शिरते आणि त्यांना जिवाचं बरंवाईट करायला लावते, मुलांचे फोन आजच तपासा. दुसरा स्क्रीनशॉट माझ्या भाचीच्या यूट्यूब हिस्ट्रीचा. ती नववीत आहे. हिस्ट्रीत ओळीने पाच-सहा वेळा एकच शब्द: मोमो, मोमो एडिट, मोमो वॉलपेपर.

ताईने दोन अधिक दोन चार केले होते. भाचीचा फोन कपाटात, कपाटाला कुलूप, घरात रडारड.

भाची बघत होती 'दंडादन' नावाची अॅनिमे. त्यातल्या नायिकेचं नाव मोमो आयासे. त्या फॉरवर्डमधल्या चेहऱ्याशी तिचा काही म्हणजे काहीच संबंध नाही. पण हे ताईला पटवायला मला पाऊण तास लागला. तेव्हा वाटलं, यावर एकदा नीट लिहायलाच पाहिजे. कारण यात फक्त एका मालिकेचा गोंधळ नाहीये. एकच नाव गेममध्ये, अॅनिमेमध्ये आणि इंटरनेटवरच्या दंतकथेत असलं की काय घडतं, ते यातून छान समजतं. आणि त्याची किंमत कधी कधी फारच मोठी असते.

आधी मोमोंची हजेरी घेऊ

आपल्याला मोमो म्हटलं की स्टेशनबाहेरची वाफाळती गाडी आणि लाल चटणी आठवते. ती मोमो बाजूला ठेवू. स्क्रीनवरच्या मोमो कोणकोणत्या आहेत ते बघू.

मोमो आयासे: 'दंडादन'ची नायिका. मांगा २०२१ मध्ये सुरू झाली, अॅनिमे ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. आजी भुताखेतांशी बोलणारी, त्यामुळे मोमोचा भुतांवर विश्वास आहे, पण परग्रहवासीयांवर नाही. तिचा मित्र ओकारुन याचं अगदी उलटं. गंमत म्हणजे ही मालिका जपानी दंतकथांवरच उभी आहे. त्यातली 'टर्बो ग्रॅनी' म्हणजे धावत्या गाड्यांना मागे टाकणारी म्हातारी, ही जपानमध्ये आधीपासून सांगितली जाणारी गोष्ट.

मोमो याओयोरोझू: 'माय हीरो अकॅडेमिया'मधली हुशार विद्यार्थिनी. स्वतःच्या शरीरातून हव्या त्या वस्तू तयार करते. 'ब्लीच'मध्ये मोमो हिनामोरी आहे. 'वन पीस'मधल्या मोमोनोसुकेलाही मोमोच म्हणतात.

गेममधल्या मोमो: २००२ च्या प्लेस्टेशन २ वरच्या 'झेनोसागा'मध्ये मोमो नावाची कृत्रिम मुलगी आहे. आणि एक मोमो तर तुमच्यापैकी अनेकांनी खेळलेली असेल. २०१६ च्या हॅलोविनला गुगलच्या पहिल्या पानावर एक छोटा गेम होता. काळी मांजर, हातात जादूची कांडी, बोटाने आकार काढून भुतं पळवायची. त्या मांजरीचं नाव मोमो. २०२० मध्ये ती पाण्याखाली गेली होती, आठवतंय?

याशिवाय 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकन मालिकेतला पंख असलेला लेमूर मोमो. आणि अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १९७२ च्या उन्हाळ्यात काही लोकांनी पाहिल्याचं सांगितलेला केसाळ राक्षस, तोही 'मोमो'. मिसुरीचं टपालातलं संक्षिप्त नाव 'एमओ', आणि मॉन्स्टरमधला 'मो'. झाला मोमो!

इतक्या मोमो कशा काय? निदान जपानी मोमोंचं कारण साधं आहे. जपानीत 'मोमो' म्हणजे पीच हे फळ, आणि मुलींचं हे तिथलं नेहमीचं नाव आहे. आपल्याकडे गौरी किंवा पूजा असतात ना, तसंच. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोची गोष्ट तिथलं लहान मूलही सांगतं. १९८८ पासून त्याच्या नावावर 'मोमोतारो देन्तेत्सु' ही रेल्वेच्या खेळाची गेम मालिका चालू आहे. त्याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. 'कोजिकी' हा जपानचा आठव्या शतकातला ग्रंथ. त्यात इझानागी हा देव पाताळातून पळताना मागे लागलेल्या सैन्यावर तीन पीच फेकतो आणि ते सैन्य पळून जातं. म्हणजे जपानी परंपरेत मोमो हे वाईट शक्तींना पळवणारं फळ आहे!

मग हेच नाव भीतीचं कसं झालं?

फोटोतली 'ती' कोण?

फॉरवर्डमधला चेहरा भुताचा नाही, गेममधला नाही आणि कुठल्या अॅपचाही नाही. तो एका पुतळ्याचा आहे. जपानमधल्या 'लिंक फॅक्टरी' या स्पेशल इफेक्ट्सची कामं करणाऱ्या कंपनीचे कलाकार केइसुके आइसो यांनी तो केला. २०१६ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागातल्या व्हॅनिला गॅलरीत भुतांवरच्या प्रदर्शनात तो ठेवला होता. 'उबुमे' म्हणजे बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचं भूत, या जपानी लोककथेवरून सुचलेला. आपल्याकडे हडळीच्या गोष्टी असतात, त्याच जातीची ही गोष्ट. खाली पक्ष्याचे पाय, वर बाईचा चेहरा. पुतळ्याचं इंग्रजी नाव 'मदर बर्ड', म्हणजे आई-पक्षी.

प्रदर्शन बघायला आलेल्यांनी फोटो काढले, इन्स्टाग्रामवर टाकले. दोन वर्षं काही झालं नाही. मग कुणीतरी फोटो कापला. पक्ष्याचे पाय गेले, गॅलरी गेली, पाटी गेली. उरला फक्त चेहरा. जुलै २०१८ मध्ये हा कापलेला फोटो जगभर फिरू लागला, आणि त्याला 'मोमो' हे नाव चिकटलं. हे नाव कलाकाराने दिलेलं नव्हतं. पुढे गोंधळ इतका वाढला की अनेक बातम्यांमध्ये हा पुतळा दुसऱ्याच एका जपानी बाहुली-कलाकार बाईंच्या नावावर टाकला गेला.

यातली मुख्य गोष्ट इथेच आहे. चित्राचं स्वतःचं नाव हरवलं आणि त्याला उसनं नाव मिळालं. तेही दोन अक्षरी, कुठल्याही भाषेत सहज बोलता येणारं आणि आधीच दहा जणांचं असलेलं. 'मदर बर्ड' असं शोधलं असतं तर प्रदर्शनाचा पत्ता लागला असता. 'मोमो' असं शोधलं तर काय सापडणार? खाऊ, मांजर, अॅनिमे आणि भीती.

पुतळ्याचं पुढे काय झालं? तो रबर आणि नैसर्गिक तेल वापरून केलेला होता, टिकण्यासाठी नव्हताच. तो कुजला आणि २०१८ मध्येच कलाकाराने टाकून दिला. म्हणजे २०१९ मध्ये ज्या मोमोला अख्खं ब्रिटन घाबरलं, ती तेव्हा अस्तित्वातही नव्हती.

अफवेचा प्रवास

मेक्सिकोतल्या टबास्को राज्याच्या सायबर तपास यंत्रणेने २०१८ मध्ये सांगितलं की सुरुवात एका फेसबुक ग्रुपमध्ये झाली. एका अनोळखी नंबरवर मेसेज करून दाखवा, अशी पैज होती. त्या नंबरच्या प्रोफाईलला हा चेहरा. तिथून गोष्ट वाढत गेली: मोमो धमक्या देते, कामं सांगते, शेवटी जीव द्यायला लावते.

ऑगस्ट २०१८ मध्ये ही लाट भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये काही मृत्यूंशी मोमोचं नाव जोडलं गेलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पालकांसाठी सूचना काढल्या. मुंबई पोलिसांनी ट्विटरवरून सावध केलं. हे सगळं चांगल्या हेतूने झालं. पण आमच्यासारख्या घरांमध्ये पोचलं ते एवढंच: सरकार म्हणतंय म्हणजे मोमो खरी आहे.

याच्या एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, आपण 'ब्लू व्हेल'चा असाच धसका घेतला होता. तेव्हाही काही मुलांच्या मृत्यूंना या 'गेम'चं नाव दिलं गेलं. केंद्राने समिती नेमली. मुलांच्या इंटरनेट वापराचे, फोनचे, कॉलचे तपशील तपासले गेले. तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री आणि चंद्रपूरचे खासदार हंसराज अहीर यांनी जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत निष्कर्ष सांगितला: एकाही घटनेत ब्लू व्हेलचा सहभाग सिद्ध झाला नाही. 'ब्लू व्हेलचा बळी' ही बातमी सगळ्यांनी वाचली होती. हा निष्कर्ष किती जणांनी वाचला?

फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये मोमोचा दुसरा अंक झाला. एका आईची स्थानिक फेसबुक ग्रुपवरची पोस्ट, मग शाळांची पत्रकं, पोलिसांचे इशारे, वर्तमानपत्रांचे मथळे. अमेरिकेत किम कार्दशियननेही इन्स्टाग्रामवर इशारा शेअर केला. म्हणे मुलांच्या कार्टून व्हिडिओंमध्ये मध्येच मोमो येते. यूट्यूबने सांगितलं की मोमो चॅलेंजला चिथावणी देणारे व्हिडिओ आढळलेले नाहीत. 'समॅरिटन्स' आणि 'एनएसपीसीसी' या ब्रिटनमधल्या मोठ्या संस्थांनीही हेच म्हटलं: या प्रकारामुळे कुणाला इजा झाल्याचा पुरावा नाही, उलट या इशाऱ्यांमुळेच मुलं घाबरतायत.

नीट बघा. ज्या मुलांनी तो चेहरा कधीच पाहिला नसता, त्यांना तो दाखवला कुणी? इशारा देणाऱ्या मोठ्यांनी.

मशिनला 'कोणती' हे कळत नाही

आता थोडं तंत्रज्ञान.

तुम्ही सर्च बॉक्समध्ये 'मोमो' टाइप करता तेव्हा तुमच्या मनात कोण आहे हे सर्च इंजिनला माहीत नसतं. ते अंदाज लावतं. बाकीचे लोक आत्ता काय शोधतायत, तुम्ही कुठे आहात, आधी काय पाहिलंत, कोणती पानं ताजी आहेत, असं सगळं जमेस धरून. त्यामुळे शांत दिवसांत मोमो म्हणजे खाऊ आणि अॅनिमे. पण भीतीची लाट आली की तोच शब्द टाकणाऱ्याला भीतीच वर दिसते. मग तो घाबरून आणखी शोधतो, आणि हा शब्द आणखी ट्रेंड होतो. हॅशटॅगचं तर विचारूच नका. तिथे आयासे, मांजर आणि पुतळा एकाच रांगेत उभे.

नावावरून अडवणारे फिल्टर तर याहून भोळे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या कंपनीकडे खातंच उघडता येईना. कारण गावाच्या नावात चार अक्षरांची एक शिवी लपलेली आहे! तेव्हापासून अशा चुकीला 'स्कन्थॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात.

आणि हे जुन्या काळातलंच आहे असं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्येच, म्हणजे ब्रिटनमध्ये मोमोची भीती पसरली त्याच महिन्यात, यूट्यूबने 'पोकेमॉन गो'वर व्हिडिओ करणाऱ्या काही मोठ्या चॅनेलवाल्यांची खाती बंद केली. कारण दिलं लैंगिक मजकुराचं. त्या गेममध्ये पोकेमॉनची ताकद 'सीपी' म्हणजे कॉम्बॅट पॉवरमध्ये मोजतात. दुर्दैवाने मुलांच्या लैंगिक शोषणाच्या साहित्यासाठीही हीच दोन अक्षरं वापरली जातात. या दोन अक्षरांमुळेच मशिन फसलं असावं, असं त्या चॅनेलवाल्यांचं म्हणणं होतं. खाती नंतर परत मिळाली. पण विचार करा, नाव सारखं म्हणून गुन्हेगाराच्या रांगेत!

माझ्या ताईने जे केलं ते याहून वेगळं नव्हतं. हिस्ट्रीत शब्द दिसला, फोन जप्त. फरक इतकाच की मशिनला विचारता येत नाही. ताईला येत होतं. मुलगी समोरच बसली होती.

आणि त्याच उन्हाळ्यात...

कुणी म्हणेल, एक फोन दोन दिवस कपाटात राहिला, त्यात एवढं काय? म्हणून २०१८ चीच आणखी एक गोष्ट सांगतो. मोमोचा फोटो जगभर फिरू लागला त्याच जुलैची.

तेव्हा देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीत केलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो शेवटच कापला होता. पुतळ्याचे पाय कापले तसाच. उरलेल्या तुकड्याला नवं नाव मिळालं: 'पोरं पळवणारी टोळी'.

या नावात कुणीही बसू शकतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात ते नाव पाच जणांना लावलं गेलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. जमावाने त्यांना ठार मारलं. तुम्ही कोण, कुठले, हे शांतपणे विचारायला कुणी थांबलं नाही.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. 'फॉरवर्डेड' ही खूणही तेव्हाच आली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे खरं-खोटं तपासायला मध्ये कुणी बसलेलं नाही. ते काम तुमचं-माझंच आहे.

मग करायचं काय?

अशा फॉरवर्डला माझा पहिला प्रश्न आता एकच असतो: कोणती?

कोणती मोमो? कोणती टोळी? कोणत्या शाळेत, कोणत्या तारखेला? खऱ्या बातमीत गाव असतं, तारीख असते, पोलीस ठाण्याचं नाव असतं. अफवेत 'एका मुलाने', 'एका गावात' असतं.

फोटो असेल तर त्याचं मूळ नाव शोधा. फोटोवर बोट दाबून गुगल लेन्सने शोधा. मोमोचा चेहरा टाकलात तर पुतळा, प्रदर्शन आणि अफवेचा इतिहास समोर येतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बराच फिरून आलाय. तो खराच आहे किंवा खोटाच आहे असं त्यावरून ठरत नाही, पण तुमच्या काकांनी तो लिहिलेला नाही एवढं नक्की. आणि अफवा खोडून काढताना तो भीतीदायक फोटो परत पाठवू नका. नुसतं लिहा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मोमो खोटी म्हणजे ऑनलाइन धोकाच नाही, असं नाही. गेमच्या चॅटमध्ये ओळख वाढवून फोटो मागणारे, ते फोटो दाखवून पैसे उकळणारे, सतत छळणारे खरे असतात. त्यांचे चेहरे बटबटीत नसतात. ते गोड बोलतात. असं काही झालं तर घरच्यांना सांगा. मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मन फारच जड झालं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हे नंबर आहेत. तिन्ही लक्षात ठेवा.

शेवटी भाचीचं

ताईला पटल्यावर मी भाचीशी बोललो. वाटलं होतं, खूश असेल. ती म्हणाली, "मामा, फोन मिळाला ते ठीक आहे. पण आता मला खरंच काही विचित्र दिसलं ना, तर मी आईला सांगणार नाही. परत फोन जाईल."

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या वाक्याची. कुठल्याच मोमोची नाही. कारण उद्या खरा त्रास देणारा कुणी आला, तर त्याला नेमकं हेच हवं असतं, की मुलीने घरी काही सांगू नये.

मी ते ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. त्या रविवारी तिने भाचीला एवढंच विचारलं, "तुझी ती मोमो कोण आहे, मला सांग बघू." भाची तासभर सांगत होती. आजी, भुतं, टर्बो ग्रॅनी, ओकारुन, सगळं. ताईला त्यातलं निम्मंही कळलं नाही, असं तिनेच मला सांगितलं. पण फॅमिली ग्रुपवर त्या फॉरवर्डखाली आता तिचा मेसेज आहे: "ही मोमो खोटी आहे, जपानमधला जुना पुतळा आहे. पुढे पाठवू नका. आणि मुलांना ओरडायच्या आधी विचारा."

तुमच्या ग्रुपवर मोमो आली, किंवा उद्या दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी आलं, तर एवढंच विचारा. कोणती?